कच्च्या मालाचे भाव खरंच उतरणार? अंदाज आणि बाजार वेगवेगळं का सांगताहेत?

निरंजना

जागतिक बँकेचा कमोडिटी (कच्चा माल) बाजारांवरचा ऑक्टोबर २०२५ चा अहवाल वाचून संपवला. मुख्य अंदाज असा की कच्च्या मालाच्या भावांचा एकूण निर्देशांक २०२५ मध्ये ७ टक्के आणि २०२६ मध्ये पुन्हा ७ टक्के उतरेल, म्हणजे सहा वर्षांतल्या सगळ्यात खालच्या पातळीवर जाईल. २०२६ हे घसरणीचं सलग चौथं वर्ष ठरेल. ब्रेंट या मापदंड मानल्या जाणाऱ्या तेलाची सरासरी २०२५ साठी ६८ डॉलर आणि २०२६ साठी ६० डॉलर धरली आहे. जगाची वाढ मंदावलीय, तेल गरजेपेक्षा जास्त निघतंय आणि आयातशुल्कांचं उद्या काय होईल ते कोणाला ठाऊक नाही, अशी कारणं दिली आहेत.

आता त्याच ऑक्टोबरातला बाजार बघा. सोनं औंसाला ४,००० डॉलरच्या पलीकडे गेलं. चांदीने १९८० चा उच्चांक मोडला. तांबं टनाला ११,००० डॉलरच्या वर पोचलं.

माझं मत सरळ सांगते. ‘कमोडिटी उतरणार’ या वाक्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. निर्देशांकात तेल, वायू आणि कोळशाचं पारडं इतकं जड आहे की तेल घसरलं की सगळंच घसरल्यासारखं दिसतं. म्हणून दोन प्रश्न. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत कशाचे भाव कुठे जातील असं तुम्हाला वाटतं, आणि का? आणि असे अंदाज हातात घेऊन करायचं काय? ज्यांचा या मालाशी रोजचा संबंध येतो त्यांनी तर जरूर लिहावं. ‘पैसे कशात घालू’ हा विषय मात्र इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

वाटसरू

वाखुसा (वाचनखूण साठवली). जाणकारांच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

आकडेमोड

निरंजनाताई, चांगला धागा. आधी अंदाजांबद्दल बोलतो.

जुलै २००८ मध्ये तेल १४७ डॉलरला टेकलं तेव्हा २०० डॉलरची भाकितं छापून येत होती. डिसेंबरात ते ४० च्या खाली होतं. जून २०१४ मध्ये ब्रेंट ११५ च्या घरात, आणि शंभरच्या आसपास भाव कायमचा झाला असं बहुतेकांनी धरलेलं. जानेवारी २०१६ मध्ये तीसच्याही खाली. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा (पुढच्या तारखेला माल घ्यायचा सौदा) उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. हे तेल जिथे ताब्यात घ्यायचं त्या कुशिंगच्या टाक्यांत जागा उरली नव्हती, आणि ज्यांच्याकडे तेल ठेवायची सोय नव्हती त्यांनी वायदा अंगावर राहू नये म्हणून वर पैसे देऊन तो दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

यात तज्ज्ञांच्या हुशारीचा प्रश्न नाही. या बाजाराचा स्वभावच तसा आहे. भाव वाढला म्हणून लोक महिन्याभरात गाड्या बदलत नाहीत, आणि नवी विहीर किंवा खाणही महिन्याभरात उभी राहत नाही. मागणी हटवादी, पुरवठाही हटवादी. मग एक-दोन टक्क्यांची तूट आली तरी ती भरून निघायला भावाला तीस-चाळीस टक्के उडी घ्यावी लागते. मध्ये साठा असेल तर तो धक्का सोसतो, साठा आटला की सगळा भार भावावर येतो. म्हणून भावाचा अंदाज विचारण्याआधी मी साठा विचारतो.

रातराणी

+१. ‘मागणी हटवादी, पुरवठाही हटवादी’ हे पाठ करून ठेवते. घरातल्या दोन्ही पिढ्यांना लागू आहे :)

गलबत

मी मालवाहू जहाजांवर बरीच वर्षं काढली, मुख्यतः खनिज आणि धान्य. आकडेमोड यांनी साठ्याचं लिहिलं ते समुद्रावर डोळ्यांना दिसतं.

सुटा माल वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक ड्राय निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ होता, आणि त्याच डिसेंबरात ६६३. त्या काळात बंदराबाहेर नांगर टाकून पुढच्या हुकमाची वाट बघत पडून राहायचो. एरवी जिथे रात्री पाच-सात दिवे दिसायचे तिथे क्षितिजभर दिवे. वर्तमानपत्रात मंदीची बातमी यायच्या आधी आम्हाला ती नांगरलेल्या जहाजांवरून कळत होती.

२०२० च्या वसंतात तेलवाहू जहाजांचं झालं ते याच्या उलट. आज घ्यायचं तेल स्वस्त आणि सहा महिन्यांनंतरचं महाग, याला बाजारात कॉन्टँगो म्हणतात. फरक इतका रुंदावला की अख्खं जहाज भाड्याने घेऊन, तेल भरून, नुसतं उभं ठेवणं परवडू लागलं. मोठमोठी टँकर तरंगत्या टाक्या होऊन बसली.

आणि मालाचा आकडा कसा ठरतो हेही सांगतो. जहाज भरल्यावर छोट्या होडीतून पुढे, मध्ये, मागे, दोन्ही अंगांना फिरायचं आणि बाजूवर रंगवलेल्या आकड्यांपाशी पाणी कुठे टेकलंय ते वाचायचं. लाट वर-खाली होत असते, तिची सरासरी धरायची. बंदरातल्या पाण्याची घनता मोजायची, टाक्यांतलं गोडं पाणी, इंधन, भारासाठी घेतलेलं समुद्राचं पाणी वजा करायचं. दीड लाख टन खनिजाचा हिशेब अशा वाचनावर होतो, आणि एक सेंटिमीटर चुकला तर शंभर टनांहून जास्त फरक पडतो. त्यामुळे जागतिक आकडे दशांश चिन्हापर्यंत छापलेले दिसले की मी सावध होतो.

वाटसरू

गलबतकाका, यावर वेगळा धागा काढाच.

तांबट

केबलच्या कारखान्यासाठी तांबं खरेदी करणं हे माझं काम. उतरण्याच्या अंदाजाशी तांब्यापुरता मी असहमत आहे.

मागणीबद्दल सगळे लिहितात: वीजवाहिन्या, विद्युत गाड्या, डेटा सेंटर. पुरवठ्याकडे कमी लक्ष जातं. चिलीतल्या जुन्या खाणींतल्या खडकात तांब्याचं प्रमाण वर्षानुवर्षं घटत चाललंय, म्हणजे तेवढ्याच तांब्यासाठी जास्त खडक फोडायचा, जास्त पाणी, जास्त वीज. पनामातली कोब्रे पनामा ही मोठी खाण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२३ च्या शेवटी बंद पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियातल्या ग्रासबर्गमध्ये चिखलाचा लोंढा भुयारांत शिरला, माणसं गेली आणि उत्पादन थांबलं. खनिज सापडल्यापासून पहिला माल निघेपर्यंत पंधरा वर्षं लागणं ही आता नेहमीची गोष्ट आहे. आज भाव कितीही चढला तरी २०२७ ची नवी खाण २०२६ मध्ये खोदता येत नाही.

ज्यांना खरी टंचाई बघायचीय त्यांनी तांब्याच्या भावापेक्षा वितळवणावळ बघावी. खाणवाले खनिजाची भुकटी शुद्धीकरण कारखान्याकडे पाठवतात आणि वितळवून देण्याबद्दल टनाला ठरावीक रक्कम देतात. २०२४ चा वार्षिक करार ८० डॉलरला झाला होता, २०२५ चा २१.२५ डॉलरला. रोखीच्या बाजारात तर ती उणे गेली, म्हणजे कारखानाच खाणीला पैसे देतोय, भट्टी थंड पडू नये म्हणून. चीनने भट्ट्या भराभर उभारल्या आणि खनिज तेवढं नाही. भावात सट्टा मिसळलेला असू शकतो, या रकमेत तो शिरायला जागा फार कमी.

शुल्कांचंही बघा. अमेरिका तांब्यावर ५० टक्के कर लावणार म्हणून सगळ्यांनी तिकडे माल लोटला, न्यूयॉर्कचा भाव लंडनच्या कितीतरी वर गेला. जुलै २०२५ च्या अखेरीस शुद्ध तांब्याला सूट मिळाल्याचं जाहीर झालं आणि न्यूयॉर्कचा भाव एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त कोसळला. तांबं होतं तेवढंच होतं, कागदावरचं एक कलम बदललं.

दुर्बीण

तांबट, प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. ‘हरित मागणी वाढणार, खाणी अपुऱ्या, भाव चढतच राहणार’ हे सगळं लिथियमबद्दलही म्हटलं गेलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या आसपास होता. २०२४ च्या सुरुवातीला तो एक लाखाच्या खाली आला. मागणी तर वाढतच होती! भावाच्या लोभाने ऑस्ट्रेलियापासून आफ्रिकेपर्यंत पुरवठा धावून आला.

निकेलचंही तेच. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली, चिनी भांडवलाने तिथेच भट्ट्या उभारल्या, आणि आज जगाचं निम्म्याहून जास्त निकेल त्या एका देशातून येतं. भाव इतका खाली आला की ऑस्ट्रेलियातल्या खाणींना टाळं लागलं. महागाईवर सगळ्यात जालीम औषध महागाईच, असं बाजारातले जुने लोक उगाच म्हणत नाहीत.

अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन आणि वाढत्या लोकसंख्येने टंचाई येईल म्हणणारे जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांची पैज बहुतेकांना माहीत असेल. १९८० मध्ये तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन हे पाच धातू निवडले. महागाई वजा करून दहा वर्षांनी भाव चढले तर सायमन हरणार, उतरले तर एर्लिक. लोकसंख्या दशकभरात ८० कोटींच्या आसपास वाढली, आणि पाचही धातू वास्तव किमतीत उतरले. १९९० मध्ये एर्लिक यांनी ५७६.०७ डॉलरचा धनादेश पाठवला.

तांबट

पैज माहीत आहे. १९८० हे भाव चढलेलं वर्ष होतं, तिथून मोजलं की उतार दिसणारच. हीच पैज २००० मध्ये लावून २०१० ला मोजली असती तर तांब्यावर सायमन सपशेल हरले असते. चीनची भूक दरम्यान बाजारात उतरली होती.

आणि लिथियमशी तुलना मला पटत नाही. लिथियमचा बाजार लहान आहे, वर्ष-दोन वर्षांत पुरवठा दुप्पट होऊ शकतो. तांब्याचा वर्षाला अडीच कोटी टनांहून मोठा बाजार आहे, तिथे तीन टक्के वाढवायचे म्हणजे महाकाय खाण हवी.

दुर्बीण

बाजाराच्या आकाराचा मुद्दा मान्य. पण मग ॲल्युमिनियम? तांब्याचा भाव चढला की जिथे जमेल तिथे तार बदलते. एक टन ॲल्युमिनियमला सुमारे १४,००० युनिट वीज लागते, त्यामुळे तो भाव शेवटी विजेवर येऊन थांबतो. पुढच्या पाच वर्षांत डेटा सेंटर आणि ॲल्युमिनियमच्या भट्ट्या एकाच विजेसाठी भांडणार आहेत, आणि डेटा सेंटरवाल्यांची पैसे मोजायची तयारी जास्त आहे. माझ्या मते खरा ताण तिथे आहे.

तांबट

उच्चदाबाच्या वाहिन्यांत ॲल्युमिनियम आधीपासून आहेच. मोटार आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात जागा कमी असते, तिथे बदल सोपा नाही. विजेचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

रातराणी

सोन्याचं कोणीच बोलत नाहीये. ते का चढतंय?

आकडेमोड

सोन्याला या धाग्यातले नियम लागू पडत नाहीत, कारण ते वापरून संपत नाही. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली. आपला राखीव पैसा दुसऱ्याच्या खतावणीत असेल तर तो आपला राहीलच असं नाही, हे अनेक देशांनी पाहिलं. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी मध्यवर्ती बँकांनी प्रत्येकी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. ही खरेदी भाव बघून होत नाही, म्हणून भाव चढूनही थांबली नाही. तेलाच्या अंदाजाशेजारी सोन्याचा अंदाज छापतात ते मला म्हणूनच खटकतं.

कणीस

धान्याच्या निर्यातीत गुणवत्ता तपासणीचं काम करते. अन्नधान्याकडे वळू या का? धातूंवाल्यांनी धागा ताब्यात घेतलाय :)

मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्नभाव निर्देशांक १९९० पासूनच्या उच्चांकावर गेला. रशिया आणि युक्रेन मिळून जगाच्या गहू निर्यातीचा पाव हिस्सा पुरवत होते, त्यामुळे भीती साहजिक होती. पण जुलै २०२२ मध्ये काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार झाला तोवर गहू बराच खाली आलेला होता. वर्षभरात त्या मार्गाने सुमारे ३.३ कोटी टन माल गेला. जुलै २०२३ मध्ये रशिया बाहेर पडला तेव्हा भाव काही दिवस उसळले आणि पुन्हा खाली आले. टंचाईची भीती बऱ्याचदा टंचाईपेक्षा जास्त महाग पडते.

भीती सरकारांनाही वाटते आणि तिथे खरी पंचाईत होते. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, जगातला भाव पंधरा वर्षांच्या उच्चांकावर गेला. २०२४ मध्ये बंदी उठली आणि २०२५ मध्ये तांदूळ कित्येक वर्षांच्या नीचांकावर. जगात पिकणाऱ्या तांदळातला दहावा हिस्साच देशांबाहेर जातो, म्हणून एका मोठ्या देशाच्या एका आदेशाने एवढी उलथापालथ होते.

साठ्याबद्दल आकडेमोड यांना एक पुस्ती जोडते. जगातल्या गव्हाच्या साठ्यातला सुमारे निम्मा आणि मक्याच्या साठ्यातला सुमारे दोन-तृतीयांश चीनमध्ये आहे, आणि तो बाजारात येत नाही. ‘जागतिक साठा पुरेसा’ असं वाचलं की आधी चीन वजा करून बघावा. शिवाय साठा म्हणजे नुसतं वजन नव्हे. आम्ही लांब पोकळ परखी ढिगात खुपसून वरचा, मधला आणि तळाचा नमुना काढतो. वरचा थर खणखणीत आणि तळाला दमट, किडका माल, हे मी स्वतः पाहिलंय. कागदावर तो सगळा साठाच असतो.

दुर्बीण

कणीस, साठ्याच्या कागदांवरून आठवलं. मार्च २०२३ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या बाजाराच्या रॉटरडॅममधल्या मान्यताप्राप्त गोदामात निकेलच्या पिशव्यांत दगड निघाले होते. ५४ टन! आणि त्याच्या वर्षभर आधी, ८ मार्च २०२२ ला, त्याच एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं, व्यवहार थांबवले आणि त्या दिवशी झालेले सौदे चक्क रद्द केले. ज्या भावाला जग ‘बाजारभाव’ म्हणतं तो कसा ठरतो हे यातून कळतं.

मृगजळ

इतका वेळ नुसती वाचत होते. सगळे भाव वर की खाली एवढंच बोलताहेत, आणि त्यात पिकवणारा कुठेच नाही, म्हणून लिहितेय.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. जगाचा निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानामधून येतो. तिथल्या शेतकऱ्याला मिळणारा भाव सरकारी मंडळ हंगामाच्या सुरुवातीला ठरवतं आणि बराचसा माल आगाऊ विकलेला असतो. त्यामुळे उसळीचा मोठा भाग शेतकऱ्यापर्यंत पोचलाच नाही. झाडं म्हातारी, फांद्या सुजवणारा विषाणू पसरलेला, नवी लागवड करायला पैसा नाही, आणि पीक बुडालं ते नेमकं याचमुळे. वर्षानुवर्षं कमी भाव दिला त्याचीच ही टंचाई होती. ऑक्टोबर २०२५ पर्यंत भाव निम्म्यावर आला आणि अहवालात ‘दिलासा’ असा शब्द दिसतो. कोणाला दिलासा?

विकसनशील देशांपैकी दोन-तृतीयांश देश निर्यातीसाठी कच्च्या मालावर अवलंबून आहेत असं संयुक्त राष्ट्रांची व्यापार परिषद सांगते. त्यांच्यासाठी ७ टक्के घसरण म्हणजे शाळा, दवाखाने आणि कर्जाचे हप्ते. तांब्यावर उभा असलेला झांबिया नोव्हेंबर २०२० मध्ये परकीय कर्जाचा हप्ता चुकवून बसला. कच्चा माल विकून पक्का माल घेणाऱ्यांच्या हाती कालांतराने कमीच पडतं, हे राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी १९५० मध्येच मांडलं होतं.

निरंजना

मृगजळ, मनापासून आभार. माझ्या मूळ लेखात हा भाग यायला हवा होता.

तुमच्या मुद्द्यावरूनच माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते: अंदाज घेऊन करायचं काय? दोन देशांनी दिलेली उत्तरं मला महत्त्वाची वाटतात. चिलीत २००१ पासून नियम आहे की अर्थसंकल्प आजच्या तांब्याच्या भावावर बांधायचा नाही. सरकारबाहेरच्या तज्ज्ञांची समिती पुढच्या दहा वर्षांचा सरासरी भाव सुचवते, त्यावर खर्च ठरतो आणि वरचा पैसा निधीत जातो. २००९ च्या मंदीत तोच पैसा कामी आला. मेक्सिको दर वर्षी आपल्या तेलासाठी ठरावीक भावाला विकण्याचा हक्क विकत घेऊन ठेवतो. भाव चढला तर त्याचं शुल्क बुडतं, पडला तर भरपाई मिळते. २००९ मध्ये ५ अब्ज डॉलरच्या वर मिळाले. पहिल्याने अंदाज चुकेल हे धरूनच खर्च ठरवला, दुसऱ्याने अंदाज केलाच नाही, विमा उतरवला.

आकडेमोड

ताई, चिलीचं उदाहरण उत्तम. पण निधीतला पैसा हात न लावता ठेवायला राजकीय ताकद लागते. चांगल्या वर्षांत तो बाजूला टाकायचा असतो, आणि निवडणुका चांगल्या वर्षांतही येतात.

गलबत

तेलाचं सगळ्यांनी ६० डॉलर गृहीत धरलेलं दिसतंय. तेल उत्पादक देशांच्या ओपेक प्लस गटाने एप्रिल २०२५ पासून कपात मागे घ्यायला सुरुवात केली, २०२५ मध्ये माल भरपूर होता, हे खरं. पण इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून २०२५ मध्ये रोज सुमारे दोन कोटी बॅरल जात होते, जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात ब्रेंट ८० च्या जवळ गेलं आणि युद्धविराम होताच ७० च्या खाली आलं, कारण एकही टँकर प्रत्यक्षात अडला नाही. तो मार्ग बंद झाला तर ओपेकची राखीव क्षमताही आतच अडकेल, कारण तीही मुख्यतः त्याच आखातात आहे. ६० हा ‘काही घडलं नाही तर’ असा आकडा आहे.

दुर्बीण

काकांशी सहमत. खतांचंही तिथेच अडेल. नत्रखत नैसर्गिक वायूपासून बनतं आणि आखात हा युरियाचा मोठा निर्यातदार आहे. म्हणजे तेल स्वस्त म्हणून धान्य स्वस्त ही साखळी जितकी खरी, तितकीच उलटीही.

कणीस

आणि खत महाग, धान्य स्वस्त अशी जोडी जमली की शेतकरी खत कमी टाकतो. त्याचा परिणाम पुढच्या हंगामात दिसतो, अहवालाच्या पुढच्या आवृत्तीत. ताई, पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: २०२६ मध्ये धान्य बरंचसं शांत, पाऊसपाणी साथ देईल तोवर. त्यापुढचं मी खताच्या विक्रीवरून ठरवेन.

तांबट

माझं उत्तर: तेल खाली, तांबं वर, निकेल आणि लिथियम जागच्या जागी. २०२६ च्या वितळवणावळीचा वार्षिक करार २०२५ च्या अखेरीस ठरेल. तो शून्याच्या आसपास झाला तर खनिज नाही हे पक्कं समजा. पुन्हा चाळीसच्या वर गेला तर दुर्बीण बरोबर, आणि मी इथेच येऊन तसं लिहीन.

दुर्बीण

ठरलं. चाळीसच्या वर.